वाचकांचे प्रश्न : चालू मशीन मध्येच का थांबतं?

एप्रिलपासून आलेल्या पत्रांत एसी आणि पाणी तापवणारे हीट पंप यांच्याबद्दल सर्वाधिक विचारणा आहे. दोन्हींचं काम एकाच तत्त्वावर चालतं. कॉम्प्रेसर, दोन कॉइल आणि गॅस यांच्या जोरावर एका जागची उष्णता उचलून दुसऱ्या जागी टाकायची. म्हणून त्यांची संरक्षण साधनंही जवळपास सारखी असतात. बहुतेक पत्रांत ‘मशीन बंद पडतं’ एवढीच तक्रार आहे. ते कोणत्या साधनाने बंद केलं आणि का, हे विचारलं तर निम्मं निदान घरबसल्या होतं. त्यातली काही पत्रं उत्तरांसह देत आहोत.

प्रश्न : आमचा दीड टनाचा हॉट अँड कोल्ड एसी आहे, इन्व्हर्टर नाही. आउटडोअर गच्चीवर पश्चिमेकडच्या भिंतीला आहे. दुपारी दोननंतर आतला पंखा फिरत राहतो, पण गार हवा येत नाही. पाऊण-एक तासाने आपोआप पुन्हा गार होतं. मेकॅनिकने दोन वेळा गॅस भरला, तरी तेच. (जुळे सोलापूर)

उत्तर : आधी घड्याळ बघा. कॉम्प्रेसर थांबल्यावर पाच-सात मिनिटांत परत सुरू होत असेल तर हाय प्रेशर स्विचवर, म्हणजे गॅसचा दाब फार चढला की कॉम्प्रेसर थांबवणाऱ्या स्विचवर, संशय घ्यावा. दाब उतरला की तो स्वतःहून जुळतो, वर कार्डातला, म्हणजे एसी चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पट्टीतला, तीन मिनिटांचा विलंब. तुमच्याकडे पाऊण तास लागतो, म्हणजे कॉम्प्रेसरचा ओव्हरलोड, मेकॅनिकच्या भाषेत ओएलपी, कापतोय. त्यात दोन धातूंची पट्टी असते. ती कॉम्प्रेसरच्या उष्णतेने आणि करंटने वाकते आणि गार झाल्यावरच सरळ होते. कॉम्प्रेसर म्हणजे लोखंडाचा जड गोळा, आणि गच्चीवर ४२ अंशांत तो निवायला तेवढा वेळ घेणारच.

आता तो का तापतो? कारणं दोन गटांत येतात आणि क्लॅम्प मीटर त्यांना वेगळं करतो. एसी कापायच्या आधीच्या पाच मिनिटांत कॉम्प्रेसरच्या वायरवरचा करंट मोजायला सांगा. दीड टनाच्या साध्या मशीनला तो साधारण सात-आठ अँपियर असतो, नेमका आकडा आउटडोअरच्या पाटीवर मिळेल. पाटीपेक्षा बराच कमी करंट असूनही मशीन कापत असेल तर गॅस कमी आहे, कारण परत येणारा गार गॅसच कॉम्प्रेसरची मोटर थंड ठेवतो. पाटीपेक्षा जास्त करंट घेऊन कापत असेल तर आउटडोअरची उष्णता बाहेर पडत नाही, किंवा गॅस जास्त भरला गेलाय. तुमच्याकडे दोनदा गॅस भरून झालाय, त्यामुळे ही शंका आधी फेडावी. तेव्हा ‘अजून थोडा टाकून बघू’ याला नाही म्हणा. सगळा गॅस रिकव्हरी मशीनने काढून, व्हॅक्यूम पंपाने ५०० मायक्रॉनपर्यंत (हे निर्वाताचं माप) ओढून, पाटीवर लिहिलेलं वजन काट्यावर मोजून भरायला सांगा. गॅस आर-४१०ए जातीचा असेल तर तो द्रवरूपातच भरावा लागतो, कारण तो दोन वायूंचं मिश्रण आहे.

हे करायच्या आधी उष्णतेची वाट मोकळी आहे का पाहा, त्याला खर्च नाही. स्वयंपाकघरातला थर्मामीटर आउटडोअरच्या मागे, कॉइलमध्ये हवा शिरते तिथे सावलीत धरा. गल्लीतल्या सावलीत ४२ आणि तिथे ५० दिसत असेल तर मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढतंय. मागे निदान एक वीत आणि समोर मीटरभर मोकळी जागा हवी. उन्हासाठी वर छप्पर टाकलं तर उत्तम, पण पंख्यासमोर ताडपत्री किंवा जाळीचा दरवाजा नको. कंडेन्सिंगचं, म्हणजे आउटडोअर कॉइलमध्ये गॅसचा द्रव होतो तिथलं, तापमान ५ अंशांनी वाढलं की दाब सुमारे १२ टक्क्यांनी चढतो, आणि करंट त्याच्या मागोमाग.

आपल्या सोलापुरात याला एक खास कारण जोडलेलं असतं. यंत्रमाग जवळ असतील तर सुताचे तंतू उडून कॉइलच्या मागच्या बाजूला करड्या गादीसारखे बसतात. समोरून मशीन स्वच्छ दिसतं, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात येत नाही. अशा वस्तीत दर पंधरा दिवसांनी एमसीबी बंद करून मऊ ब्रश उभा, कॉइलच्या पात्यांच्या दिशेने फिरवा. वर्षातून दोनदा कव्हर काढून आतून बाहेर, साध्या पाइपच्या पाण्याने धुवा. गाडी धुण्याचा प्रेशर जेट मारला तर अ‍ॅल्युमिनियमच्या पाती आडव्या होतात आणि मग हवा कायमचीच अडते.

शेवटचं, आउटडोअरच्या पंख्याचा कॅपॅसिटर. दोन ते चार मायक्रोफॅराडचा हा लहानसा डबा गच्चीच्या उन्हात वाळतो. पंखा फिरतो, पण हळू. मीटरवर छापील किमतीपेक्षा दहा टक्क्यांहून कमी भरला तर बदला. हात लावण्याआधी तो डिस्चार्ज करून घ्यायला मेकॅनिकला सांगा.

प्रश्न : इन्व्हर्टर एसीचा सेन्सर बदलला तेव्हापासून २६ वर ठेवला तरी एसी थांबतच नाही, रात्री आतल्या कॉइलवर बर्फ जमतो आणि सकाळी भिंतीवरून पाणी ओघळतं. कार्ड बदला म्हणतात, ते फार महाग आहे. (अशोक चौक परिसर)

उत्तर : कार्डाला हात लावण्याआधी सेन्सर तपासा. सेन्सर चुकीच्या किमतीचा बसलाय असं वर्णनावरून वाटतं. या दिवसांत असं होण्याचं कारणही साधं आहे.

एसीतले तापमान सेन्सर बहुतेक एनटीसी जातीचे असतात. तापमान वाढलं की त्यांचा ओहम घटतो. त्यांची किंमत २५ अंशांवरच्या किलोओहममध्ये (‘के’) सांगतात : १० के, ५ के, काही कंपन्यांत १५ किंवा २० के, आणि कॉम्प्रेसरच्या डिस्चार्ज पाइपवर ५० के किंवा त्याच्या आसपास. आता मे महिन्यात बंद खोलीत ३८ अंश असताना एखाद्याने अगदी निरोगी १० के सेन्सर मीटरला लावला, तर मीटर पावणेसहा केच्या आसपास दाखवतो. ‘हा तर पाचचा दिसतोय’ म्हणून ५ केचा सेन्सर बसवला जातो. सेन्सर नवा, वायर नवी, आणि मशीन मात्र बिघडलेलं.

पुढे काय होतं ते आकड्यांत पाहा. १० के धरून चालणाऱ्या कार्डाला ५ केचा सेन्सर लावला, तर खोलीत २५ अंश असताना कार्डाला ४१ अंश दिसतात. मग ते थांबेल कशाला? कॉम्प्रेसर पूर्ण वेगाने पळत राहतो. कॉइलचा सेन्सर असा बदलला गेला असेल तर गोष्ट आणखी वाईट. कॉइल शून्यावर आली की कार्डाने कॉम्प्रेसर मंद करायचा किंवा थांबवायचा असतो, त्याला अँटी-फ्रीझ संरक्षण म्हणतात. पण कार्डाला तिथे १४ अंश दिसत असतात. तुमच्या कॉइलवरचा बर्फ यातूनच आला असावा. उलट चूक झाली, म्हणजे ५ केच्या जागी १० के, तर २५ अंशांच्या खोलीत कार्डाला १० अंश दिसतात आणि एसी सुरू होताच कापतो.

तपासणी अशी करा. एमसीबी बंद करा. कोणता प्लग कार्डाच्या कोणत्या सॉकेटमध्ये होता याचा मोबाइलवर फोटो काढा, मग सेन्सर सॉकेटमधून उपटून घ्या. कार्डावर असताना मोजू नका, कार्डातले इतर भाग आकडा बिघडवतात. स्टीलच्या पेल्यात ठेचलेला बर्फ घट्ट भरा आणि खड्यांमधली जागा भरेल एवढंच पाणी घाला. सेन्सरचं टोक त्यात पाच मिनिटं ठेवा, मधूनमधून ढवळा, प्लग मात्र कोरडा ठेवा. मीटर किलोओहमवर लावा. १० केचा सेन्सर असेल तर ३२ ते ३४ के दिसेल, ५ केचा असेल तर १६ ते १७ के. नंतर पुसून मुठीत धरा. मुठीच्या उबेला १० केचा सेन्सर सात केच्या जवळ स्थिरावतो. आकडा उतरताना उड्या मारत असेल तर आतला जोड सैल झालाय.

सेन्सर पूर्ण तुटला किंवा शॉर्ट झाला तर कार्ड लगेच एरर कोड दाखवतं. चुकीच्या किमतीचा किंवा ‘सरकलेला’, म्हणजे मूळ ओहमपासून ढळलेला, सेन्सर मात्र कार्डाला खरा वाटतो, कोड येत नाही. म्हणून ‘एरर नाही, म्हणजे सेन्सर चांगला’ हे समीकरण धरू नये. सरकण्याच्या दिशाही ओळखता येतात. टोकाच्या लेपाला तडा जाऊन ओल शिरली तर ओहम घटतो आणि कार्डाला खोटी उष्णता दिसते. प्लगच्या पिना गंजल्या तर ओहम वाढतो आणि खोटा थंडावा दिसतो.

बदलताना योग्य किंमत कशी कळणार? मशीनच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये तक्ता असतो, मॉडेल नंबरावरून तो मागा. दुकानदाराच्या ‘चालेल हो’वर जाऊ नका. जागेचंही भान ठेवा : कॉइलचा सेन्सर तांब्याच्या नळीवरच्या खोबणीत, स्प्रिंग क्लिपसह घट्ट बसायला हवा, आणि खोलीचा सेन्सर कॉइलला न टेकता त्याच्या प्लास्टिकच्या पकडीत. हे दोन आपसांत अदलाबदल झालेलेही पाहायला मिळतात. दोन्ही १० के असले तर एकही कोड येत नाही, पण एसी वेडावाकडा चालतो.

बर्फ जमण्याची इतर कारणंही आहेत, म्हणजे फिल्टर तुंबणं, गॅस कमी असणं, आतला पंखा मंद होणं. पण तुमचा त्रास सेन्सर बदलल्या दिवसापासून सुरू झालाय, तेव्हा सुरुवात तिथूनच करावी.

प्रश्न : आमच्याकडे २०० लिटरचा हीट पंप वॉटर हीटर आहे, टाकी वेगळी आणि युनिट वेगळं. पहिली तीन वर्षं छान चालला. आता कधी ‘पाणी वाहत नाही’, तर कधी ‘हाय प्रेशर’ असा कोड येतो. बोअरचं पाणी वापरतो. (होटगी रोड)

उत्तर : दोन्ही कोड एकाच दुखण्याचे असू शकतात. युनिटातला गॅस आपली उष्णता हीट एक्स्चेंजरमध्ये पाण्याला देतो. बोअरच्या जड पाण्याचा पांढरा थर तिथे बसला की उष्णता पाण्यात जाईना, गॅस गरमच राहतो, दाब चढतो आणि हाय प्रेशर स्विच कापतो. तोच थर वाट अरुंद करतो, पाण्याचा वेग घटतो आणि पाणी वाहतंय का हे पाहणारा फ्लो स्विच सुटतो. यात स्विच दोषी नाहीत.

क्रम असा ठेवा. पहिल्यांदा पंपाआधीचा वाय आकाराचा गाळणा उघडा. आपल्याकडे महापालिकेचं पाणी रोज येत नाही. टाकीचा तळ गाठला की गाळ आणि हवा दोन्ही पाइपात शिरतात, आणि बोअर-नळ असं मिश्र वापरणाऱ्यांकडे हे जास्त होतं. गाळणा धुवा, वरच्या एअर व्हेंटमधून हवा जाऊ द्या. मग पंप चालू असताना फ्लो स्विच जुळतो का पाहा. नुसत्या गच्चीवरच्या टाकीच्या दाबावर विसंबू नका. पाच मीटर उंचीला जेमतेम अर्धा बार मिळतो, म्हणून फिरवणारा पंप धडधाकट हवा.

एवढं करूनही हाय प्रेशर येत असेल तर एक्स्चेंजर धुवावा लागेल. युनिट बंद करून त्याच्या पाण्याच्या दोन्ही तोंडांना पाइप लावा, बादलीत लहान पंप ठेवा. लिटरला ५० ग्रॅम या प्रमाणात सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्व, कोमट पाण्यात विरघळवून तास-दोन तास फिरवा. फेस येत राहील तोवर थर सुटतोय. फेस थांबला की साध्या पाण्याने धुवा, निदान तीन बादल्या, लिटमस कागदाचा रंग नळाच्या पाण्याइतका होईपर्यंत. मोरी साफ करायचं हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड इथे कधीही घालू नका. त्यातलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलला बारीक छिद्रं पाडतं, आणि मग पाणी गॅसच्या बाजूला शिरून पूर्ण युनिटच वाया जातं. त्याच दिवशी टाकीला गंजापासून वाचवणारा मॅग्नेशियमचा रॉड बाहेर काढून बघा. आतली तार दिसायला लागली असेल तर बदला.

टाकीच्या सेन्सरचंही पाहा. टाकीला एक कोरडी नळी असते, सेन्सर तिच्यात तळापर्यंत गेलेला हवा. सफाईत तो अर्धा बाहेर ओढला गेला तर त्याला खोलीची हवा दिसते, पाणी ६० वर गेलं तरी मशीन तापवतच राहतं आणि शेवटी हाय प्रेशर कापतो. त्याच्या प्लगमधला गंज तर जास्त फसवा. १० केच्या सेन्सरच्या जोडात एक किलोओहमचा गंज साचला, तर २५ अंशांवर फरक फक्त दोन अंशांचा दिसतो. पण पाणी ६० वर असताना तोच गंज कार्डाला ५१ दाखवतो. थंड पाण्यात तपासलं तेव्हा सेन्सर चांगला होता, असं म्हणून मेकॅनिक निघून जातो आणि रात्री मशीन पुन्हा कापतं. म्हणून टाकीचा सेन्सर गरम पाण्यातच तपासायचा. ६० अंशांच्या पाण्यात १० केचा सेन्सर अडीच के दाखवतो.

उन्हाळ्यात सेटिंग उतरवा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणीच ३८-४० अंशांवर येतं, आंघोळीला ५० पुरतं. टायमर पहाटेचा लावा, दुपारचा नको. ४२-४३ अंशांच्या हवेतून उष्णता उचलताना कॉम्प्रेसरवरचा भार वाढतो, आणि काही युनिटं त्या तापमानाला चालूच होत नाहीत. आठवड्यातून एकदा मात्र टाकी ६० पर्यंत न्या, कोमट साठवलेल्या पाण्यात लिजिओनेला जिवाणू वाढतात.

एवढी देखभाल करायची कशाला, असं वाटत असेल तर हिशेब पाहा. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ वर न्यायला साध्या गीझरला सुमारे ७ युनिट वीज लागते. धड चाललेल्या हीट पंपाला त्यासाठी दोनच्या आसपास पुरतात.

प्रश्न : मेकॅनिकने प्रेशर स्विच ‘डायरेक्ट’ करून दिला, आता मशीन बंद पडत नाही. चालेल ना? (विजापूर रोड)

उत्तर : नाही. ‘डायरेक्ट’ म्हणजे स्विच वगळून त्याच्या वायरी थेट जोडणं. आजच एमसीबी पाडा आणि स्विच परत जोडून घ्या.

आर-३२ आणि आर-४१०ए या गॅसच्या मशीनमध्ये हा स्विच बहुधा ४.२ मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे ६०० पीएसआयला कापतो. तो काढला की पुढचा अडथळा फक्त ओव्हरलोडचा. तोही दाब बघत नाही, उष्णता बघतो, आणि उशिरा. तोवर तेल जळून काळं पडतं, व्हॉल्व्ह तुटतात, नाहीतर एखादा फ्लेअर किंवा ब्रेझिंगचा जोड सुटतो. आर-३२ मंद ज्वलनशील आहे आणि काही मशीनमधला आर-२९० गॅस म्हणजे प्रोपेनच. बंद खोलीत त्याची गळती जीवावर बेतू शकते.

स्विच खराब आहे का हे पाहायला डायरेक्ट करायची गरजच नसते. वीज बंद करून, मशीन निवाल्यावर त्याच्या दोन वायरी सोडवा आणि मीटरने कंटिन्युइटी पाहा. हाय प्रेशर स्विच शांत अवस्थेत जोडलेला असतो. तो तुटलेला दिसला तर स्विच खराब. लो प्रेशर स्विचही गॅस भरलेला असेल तर जोडलेला असतो, आणि तुटलेला दिसला तर आधी गॅस शिल्लक आहे का ते गेज लावून पाहा. दोन्ही ठीक असतील आणि चालताना कापत असतील, तर दाब खरोखर चढतोय किंवा उतरतोय. त्याचं कारण शोधणं हेच मेकॅनिकचं काम.

हीच गोष्ट टाकीच्या सेफ्टी व्हॉल्व्हची. २०० लिटर पाणी २५ वरून ५५ वर जाताना सव्वादोन लिटरने फुगतं. प्रेशर पंप आणि नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असेल तर हे पाणी परत जाऊ शकत नाही आणि व्हॉल्व्हमधून ठिबकतं. ठिबकतंय म्हणून तिथे बूच मारलेलं आढळतं, ते ताबडतोब काढा. ठिबक नको असेल तर फुगलेलं पाणी सामावणारी एक्स्पान्शन टाकी लावा. व्हॉल्व्हची कळ दर सहा महिन्यांनी, पाइपाचं तोंड मोरीकडे आहे याची खात्री करून, एकदा उचलून सोडा, म्हणजे ती क्षारांनी जाम होत नाही.

प्रश्न : जानेवारीत पहाटे हीट पंपाच्या आउटडोअरवर बर्फ दिसला. डीफ्रॉस्ट बिघडलाय का? (नीलम नगर)

उत्तर : पहाटे १२-१३ अंश असताना कॉइलवर पांढरी पातळ साय येऊन थोड्या वेळाने वितळली तर काळजी नको. डीफ्रॉस्टमध्ये, म्हणजे मशीन स्वतः बर्फ वितळवतं तेव्हा, पंखा थांबतो, वाफ निघते, पाणी गळतं, आणि पाच-दहा मिनिटांत सगळं पूर्ववत होतं. पण १८-२० अंशांच्या हवेतही बर्फ जाडसर बसत असेल, तर सोलापूरच्या हवामानात तो बिघाडच. कॉइलच्या एकाच भागात, गॅस शिरतो त्या टोकाला बर्फ असेल तर गॅस कमी. सगळीकडे सारखा असेल तर पंखा मंद किंवा कॉइल तुंबलेली. कॉइलचा सेन्सर पकडीतून निसटला असेल तर कार्डाला बर्फाचा पत्ताच लागत नाही, तेही बघा. स्क्रू ड्रायव्हरने बर्फ खरवडू नका, नळीला भोक पडेल.

प्रश्न : इन्व्हर्टर एसीला स्टॅबिलायझर लागत नाही म्हणतात. आमच्याकडे लाइट सारखी जाते-येते. (अक्कलकोट रोड)

उत्तर : मशीनच्या पाटीवर किंवा पुस्तिकेत व्होल्टेजची मर्यादा लिहिलेली असते. तुमच्या घरचं व्होल्टेज संध्याकाळी सात ते अकरा मोजून पाहा. ते मर्यादेत राहत असेल तर कमी व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझरची गरज नाही. खरा धोका जास्त व्होल्टेजचा आहे. खांबावरचा न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी ४०० व्होल्टपर्यंत येऊ शकतात आणि कार्ड क्षणात जळतं. त्यासाठी ओव्हर-व्होल्टेज कट-ऑफ असलेलं साधन मुख्य बोर्डात बसवा.

साध्या, बिगर-इन्व्हर्टर मशीनला मात्र तीन मिनिटांचा विलंब असलेला स्टॅबिलायझर हवाच. कॉम्प्रेसर थांबल्यावर दोन्ही बाजूंचे दाब समान व्हायला तेवढा वेळ लागतो. लाइट गेली आणि अर्ध्या मिनिटात आली, तर चढलेल्या दाबावर मोटर फिरूच शकत नाही, ती अडकून नुसता करंट ओढते आणि ओव्हरलोड कापतो. रिमोटने लगेच बंद-चालू केलं तर कार्ड सांभाळून घेतं, भिंतीवरच्या स्विचने केलं तर सगळीच कार्डं सांभाळत नाहीत. म्हणून बंद करताना रिमोट वापरा, आणि वाऱ्या-वादळाच्या संध्याकाळी लाइट दोन-तीनदा लपंडाव करू लागली की एमसीबी पाडून ठेवा. वीज सलग दहा मिनिटं टिकली की चालू करा.